मॉडेल झाले, प्रश्नाचे काय?

“सदर अभ्यासाचा उद्देश अमक्या पाणलोट क्षेत्रातील भूजलाचे संख्यात्मक मॉडेल विकसित करणे हा आहे.”

गेल्या दोन महिन्यांत हे वाक्य मी थोड्याफार फरकाने नऊ वेळा वाचले, नऊ वेगवेगळ्या सिनॉप्सिसमध्ये. (मुळात ते इंग्रजीत असते. पण इंग्रजीत लिहिल्याने वाक्याला व्याकरणातून सूट मिळत नाही.) चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी आणि भूगोल शिकवल्यामुळे कुठलेही वाक्य दिसले की त्याचे कर्ता-कर्म-क्रियापद सोडवायची खोड मला लागली आहे. वरच्या वाक्यात क्रियापद आहे ‘विकसित करणे’ आणि कर्म आहे ‘मॉडेल’. बरे, मग? मॉडेल विकसित करून जाणून काय घ्यायचे आहे? पुढच्या पानावर सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती. त्याच्या पुढच्या पानावर चौकटी आणि बाण. आणि शेवटी ‘अपेक्षित फलित’ या मथळ्याखाली काय, तर मॉडेल विकसित होईल!

सुताराला विचारावे, बाबा काय करणार आहेस, आणि त्याने सांगावे की करवत चालवणार आहे. खुर्ची की चौकट की पाट, ते लाकूड कापून झाल्यावर बघू.

हे नऊ आराखडे माझ्याकडे आले ते नातीमुळे. पुतण्याची मुलगी. भूशास्त्रात एमएस्सी केली, आता पीएचडीसाठी नाव नोंदवले आहे. तिच्या मार्गदर्शकांनी ‘असे लिही’ म्हणून आधी मंजूर झालेले आठ आराखडे नमुन्यादाखल दिले, नववा तिचा स्वतःचा. “आजी, तू एकदा वाच, तुला काही कळतंय का सांग,” असे म्हणून ती फाइल ठेवून गेली. तिला बिचारीला वाटले असेल की आजी शुद्धलेखन बघेल.

आता पहिला आक्षेप कोण घेणार हे मला ठाऊक आहे, कारण तो घेऊन झालेला आहे. बाई, तुम्ही बी.ए., त्याही मराठी माध्यमातून. तुम्हाला आंशिक अवकल समीकरणे कळतात का? नाही कळत. पण सिनॉप्सिस म्हणजे समीकरण नव्हे. तो गद्याचा तुकडा आहे. एका माणसाने आपल्या आयुष्यातली तीन-चार वर्षे आणि सरकारची शिष्यवृत्ती कशासाठी खर्च होणार हे दुसऱ्याला समजेल असे सांगायचे, एवढेच त्याचे काम. ते मला समजत नसेल तर दोन शक्यता आहेत: एक तर मी मठ्ठ आहे, किंवा लिहिणाऱ्याने ते ठरवलेलेच नाही. नऊपैकी आठ आराखडे मी तीन-तीनदा वाचले आहेत, तेव्हा निदान आळसाचा आरोप माझ्यावर करू नये.

आता नातीचा मूळ प्रश्न काय होता तो ऐका. पहिल्या खेपेला तिने वहीत हाताने लिहिले होते (ते पानही फाइलमध्ये राहून गेले होते, म्हणून मला दिसले): ‘नाला खोल केल्यापासून वरच्या अंगाच्या विहिरी लवकर कोरड्या पडतात, असे शेतकरी म्हणतात. हे खरे आहे का? खरे असेल तर किती दिवस लवकर?’

वाचकहो, हा प्रश्न मला फार आवडला. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले तेव्हापासून नाला खोलीकरणावर राज्यात किती वाद झाले हे तुम्हाला माहीत आहे. एक बाजू म्हणते पाणी साठले, दुसरी म्हणते मऊ थर कापून खाली गेलात तर आजूबाजूच्या जमिनीत मुरलेले पाणी उलट नाल्यातच उतरून वाहून जाईल. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य असू शकते. कुठला खडक किती खोलीवर आहे त्यावर ते अवलंबून. दख्खनचा पाषाण म्हणजे काही एकसंध दगड नव्हे. लाव्हाचे थरावर थर, वर मुरूम, खाली विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भोकाभोकांचा खडक, त्याखाली काळा कातळ, मध्येच लाल मातीचा पट्टा. पाणी मुरमात आणि भेगांत असते. नाल्याचा तळ मुरमातच थांबला की त्याखाली गेला, यावर वरच्या विहिरींचे भवितव्य. अशा प्रश्नाला मॉडेल हवेच, कारण खोलीकरण न झालेला तोच नाला आपल्याला पुन्हा पाहता येत नाही. ‘झाले नसते तर’ हे फक्त गणितातच पाहता येते. मॉडेलचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

तीन फेऱ्यांनंतर छापील आराखड्यात या प्रश्नाचे काय उरले? ‘पाणलोट क्षेत्रातील भूजलाचे संख्यात्मक मॉडेल विकसित करणे.’ विहिरी गेल्या, शेतकरी गेले, ‘किती दिवस’ गेले. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की प्रश्न फार ‘स्थानिक’ आहे आणि उत्तर ‘नाही’ असे आले तर प्रबंधात काय लिहिणार?

माझा सगळा राग या दुसऱ्या वाक्यावर आहे. ‘नाही’ हे उत्तर येऊ शकते म्हणून प्रश्न वगळायचा! मग राहते ते काय? ज्याचे उत्तर चुकूच शकत नाही असे काम. मॉडेल विकसित करू म्हटले आणि केले. झाले. त्यात हरायची सोयच ठेवलेली नाही.

या विद्येचा मूळपुरुष ज्याला म्हणता येईल त्याने नेमके याच्या उलट केले. लुई फ्राय रिचर्डसन नावाचा इंग्रज. क्वेकर पंथाचा, म्हणून पहिल्या महायुद्धात शस्त्र हाती न घेता फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवत होता, आणि विसाव्याच्या वेळी गवताच्या गंजीवर बसून हवामानाची समीकरणे हाताने, पायरीपायरीने सोडवत होता. त्याने दिवस निवडला २० मे १९१०. त्या सकाळच्या युरोपातल्या नोंदी हाताशी होत्या. प्रश्न ठरवला: सहा तासांत अमुक ठिकाणी हवेचा दाब किती बदलेल? खरे उत्तर त्याला पडताळता येणार होते, कारण दिवस होऊन गेलेला होता. त्याच्या गणिताने उत्तर दिले, १४५ मिलीबार वाढ. मोठ्या चक्रीवादळातसुद्धा दाब सरासरीपेक्षा सहसा शंभर मिलीबारहून जास्त उतरत नाही, यावरून हा आकडा किती अचाट आहे ते कळेल. आणि प्रत्यक्षात त्या दिवशी दाबमापकाचा पारा जवळजवळ जागचा हलला नव्हता!

मधल्या काळात १९१७ साली हे हस्तलिखित लढाईच्या धामधुमीत हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बरे झाले हरवले. रिचर्डसनने ते १९२२ साली ग्रंथरूपाने छापले, चुकलेल्या उत्तरासकट. सारे जगभराचे हवामान वेळेत मोजायचे तर ६४,००० माणसे एका प्रचंड सभागृहात बसून आकडेमोड करत आहेत, असे चित्रही त्यात रंगवले. १९५० मध्ये अमेरिकेत एनिॲक या यंत्रावर चार्नी आणि मंडळींनी पहिली संगणकीय भाकिते केली, तेव्हा २४ तासांच्या भाकिताला जवळजवळ २४ तासच लागले. ते पाहायला रिचर्डसन हयात होता. पुढे पीटर लिंच या आयरिश अभ्यासकाने त्याचे गणित नव्याने करून दाखवले की रीत बरोबर होती. सुरुवातीच्या नोंदींत वारा आणि दाब यांचा आपसात मेळ नव्हता, तो आधी घालून घेतला असता तर उत्तर समंजस आले असते. उत्तर चुकले म्हणून ते कुठे चुकले हे शोधता आले. आमच्या आठ नमुन्यांत चुकण्याची जागाच नाही, तर पुढच्या माणसाने शोधायचे काय?

मी मॉडेलांच्या विरुद्ध आहे असा समज कृपा करून करून घेऊ नका. १९९९ च्या ओडिशाच्या चक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे गेली. २०१३ मध्ये फायलिन त्याच किनाऱ्यावर आले तेव्हा लाखो माणसे आधीच हलवलेली होती आणि बळींची संख्या हजारांवर गेली नाही, शेकड्यावरही नाही. त्यात निवाऱ्यांचा आणि प्रशासनाचा वाटा मोठा, पण कुठे आणि केव्हा हे आधी सांगणाऱ्या गणिताचाही आहे. म्हणूनच तर जीव तुटतो.

असो. आता जरा हिशेबाकडे येते, कारण माझा मुख्य मुद्दा तिथे आहे.

नातीच्या आराखड्यात ‘उपलब्ध माहिती’ या सदरात एक निरीक्षण विहीर आहे. शासनाची भूजल यंत्रणा अशा विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. म्हणजे दहा वर्षांच्या ४० नोंदी. या ४० आकड्यांशी मॉडेलची पातळी जुळेपर्यंत खडकाचे गुणांक वरखाली करायचे, याला ‘कॅलिब्रेशन’ म्हणतात. जुळले की आलेख काढायचा आणि मॉडेल सिद्ध झाले म्हणायचे. गणिताच्या पुस्तकात मागे उत्तर पाहून रीत लिहिणारी पोरे मी आयुष्यभर पाहिली. रीत सुबक असते. उत्तरही बरोबर असते. फक्त पुढचे गणित सुटत नाही.

पण इथे गोष्ट त्याहून बिकट आहे, आणि ती मला नातीनेच समजावली. समजा पावसाचे मुरणारे पाणी मॉडेलमध्ये तुम्ही दुप्पट धरले आणि खडकातून पाणी वाहण्याचा गुणांकही दुप्पट धरला. स्थिर स्थितीत विहिरीची पातळी किती बदलेल? काहीच नाही! दुप्पट आले, दुप्पट गेले. पासबुकात महिनाअखेरची शिल्लक तेवढीच दिसते. पगार २० हजार आणि खर्च १८ हजार की पगार ४० आणि खर्च ३८, हे नुसत्या शिलकेवरून सांगता येत नाही. विहिरीची पातळी म्हणजे शिल्लक. तिच्या हजार नोंदी घेतल्या तरी आवक कळेलच असे नाही. त्यासाठी निदान एका ठिकाणी वाहते पाणी मोजावे लागते.

याने बिघडते काय? माझ्यासारखीला जमेल एवढे गणित करून दाखवते. पाणलोट साधारण १२ चौरस किलोमीटर. वर्षाचा पाऊस ५५० मिलीमीटर धरा. म्हणजे ६६ लाख घनमीटर पाणी पडले. त्यातले मुरते किती? भूजलाचा अंदाज करण्याच्या केंद्राच्या १९९७ च्या पद्धतीत झिजलेल्या बेसॉल्टसाठी सुमारे ७ टक्के आणि भोके-भेगा असलेल्या बेसॉल्टसाठी सुमारे १३ टक्के धरायला सांगितले आहे. ७ ने साडेचार लाखांहून थोडे जास्त, १३ ने साडेआठ लाख घनमीटर. आता उपसा. समजा १२० विहिरी आहेत, पंप सेकंदाला ४ लिटर काढतो, दिवसाला ४ तास चालतो, वर्षातले १०० दिवस. हे झाले सुमारे ६ लाख ९० हजार घनमीटर.

म्हणजे एका आकड्याने हे गाव दरवर्षी सव्वादोन लाख घनमीटर तुटीत आहे. दुसऱ्याने दीड लाखाहून जास्त शिल्लक आहे. दोन्ही आकडे पुस्तकातले. दोन्ही घेऊन विहिरीची पातळी जुळवून दाखवता येईल, कारण उपसाही कुणी मोजलेला नाही. कित्येक शेतीपंपांची आकारणी हॉर्सपॉवरवर, आणि ७.५ हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना तर २०२४ पासून राज्यात बिलच माफ आहे. मीटर वाचायला कोण कशाला जाईल? तर असा दोन्हीकडे झुकणारा हिशेब संगणकात घालून तीन रंगांचा नकाशा बाहेर येतो. हिरवा म्हणजे सुरक्षित. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला आणि हिरव्या पट्ट्यातल्या माणसाने कर्ज काढून बोअर मारली तर जबाबदार कोण? प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात ‘शिफारशी’ असतात म्हणून विचारते.

अमेरिकेतले उदाहरण घ्या, म्हणजे हा आपल्याकडचाच दोष आहे असे वाटायला नको. मध्य ॲरिझोनात १९२३ ते १९६४ अशा चाळीसेक वर्षांच्या नोंदींशी जुळवून एक भूजल मॉडेल उभे केले होते. त्या काळाप्रमाणे ते विजेच्या मंडलांचे होते, संगणकावरचे नव्हे, पण तर्क तोच. त्याने पुढच्या दहा वर्षांची भाकिते केली. लिओनार्ड कोनिकोव्ह यांनी १९८६ साली ती भाकिते ७७ विहिरींच्या खऱ्या पातळीशी ताडून पाहिली तर मेळ फारच थोडा. एक कारण असे की पुढच्या काळात उपसा जसा होईल असे धरले होते तसा तो झालाच नाही. चाळीस वर्षांच्या नोंदी! आपल्याकडे चाळीस आकडे. याच कोनिकोव्ह यांनी जॉन ब्रेडेहोफ्ट यांच्यासह १९९२ मध्ये लिहिले की भूजलाची मॉडेले सिद्ध करता येत नाहीत, आणि १९९४ मध्ये नाओमी ओरेस्केस यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर ‘सायन्स’मध्ये हाच मुद्दा सगळ्या भूविज्ञानाच्या मॉडेलांबद्दल मांडला. तीस वर्षे होऊन गेली. आठही नमुन्यांत ‘मॉडेल प्रमाणित करण्यात येईल’ हे वाक्य आहे आणि या दोन लेखांचा उल्लेख एकातही नाही.

मग आराखड्यात असावे काय, असे मला विचारलेत तर मी म्हणेन, विहिरीत डोकावणारा प्रश्न आधी असावा आणि बाकी सगळे त्याच्या मागून यावे. चौकटीची लांबी-रुंदीच घ्या. नमुन्यांत सरसकट २०० मीटरच्या चौकटी आहेत. का? आधीच्या प्रबंधात तेवढ्याच होत्या. बारा चौरस किलोमीटरचे झाले ३०० चौकोन, संगणकाला चुटकीसरशी सुटणारे. पण नाला आहे दहा मीटर रुंद आणि खोल केला आहे तीन मीटर. २०० मीटरच्या चौकटीत तो नाला कुठे शोधायचा? खोलीकरणाचा परिणाम पाहायला निघालो आणि नालाच चाळणीतून गळला. नाल्याच्या आसपास २० मीटरच्या चौकटी कराव्या लागतील; सगळीकडे केल्या तर ३० हजार होतील. तेवढे आजच्या साध्या संगणकाला झेपते म्हणे. मात्र नातीचा एक मित्र नदीच्या पुराचे मॉडेल करतो आहे, त्याचे वेगळे. तिथे चौकट निम्मी केली की चौकटी चौपट होतात आणि वेळेचे पाऊलही निम्मे करावे लागते, म्हणजे काम आठपट. तीन तासांचे गणित २४ तासांवर जाते, आणखी निम्मी केली तर आठ दिवस. आणि असे गणित एकदा करून भागत नाही, गुणांक बदलून बदलून पन्नासदा करावे लागते. त्याच्या आराखड्यात यासाठी ठेवलेला वेळ आहे ‘तिसरे सत्र’. बस्स.

वेळेचेही तसेच. विहीर किती दिवस लवकर आटते हे विचारायचे आणि नोंद तीन महिन्यांतून एकदा! आठवड्याला एक नोंद हवी. गावात दोरी आहे, दगड आहे, शाळेत आठवी-नववीची मुले आहेत. पंधरा-वीस विहिरींची पातळी दर रविवारी मोजणे हे काही दिव्य नव्हे. (आमच्या शाळेत पर्जन्यमापक होता आणि त्याची नोंद करायला मुलांत भांडणे होत.) पण हे काम ‘प्रगत’ वाटत नाही. मार्गदर्शकांच्या शब्दांत सांगायचे तर ‘हे डिप्लोमावाल्यांचे काम’.

आणखी एक. कुठले वर्ष झाकून ठेवणार? २०१८ साली राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता, नातीचा तालुका त्यात होता. तिच्या छापील आराखड्यात मॉडेल जुळवायची वर्षे २०१९ ते २०२२ अशी आहेत, चांगल्या पावसाची. पडताळणीचे वर्षही त्यातलेच. सुकाळात जुळवून सुकाळावर तपासायचे आणि दुष्काळात काय करावे ते सांगायचे! २०१८ ला हातही न लावता बाजूला ठेवावे, सगळे झाल्यावर शेवटी उघडावे, आणि जे निघेल ते छापावे. नाही जुळले तर ‘नाही जुळले’ असे छापावे. रिचर्डसनला लाज वाटली नाही.

यात मुलांचा दोष मी धरत नाही. त्यांच्यावर दोन शोधनिबंधांचे ओझे आहे, शिष्यवृत्तीची मुदत आहे, आणि नोकरीच्या जाहिरातीत सॉफ्टवेअरचे नाव मागतात, प्रश्नाचे नाही. मार्गदर्शकांकडे एकेका वेळी आठ-आठ विद्यार्थी. एकच मॉडेल, फक्त पाणलोट बदलायचा, म्हणजे आठ प्रबंध. हा कारखाना आहे आणि तो चालतो कारण आराखडा मंजूर करणाऱ्या समितीत कुणी ‘कशासाठी?’ असे विचारत नाही. नातीला तिथे विचारलेला एकमेव प्रश्न मी इथे नोंदवते: “सॉफ्टवेअर परवान्याचे आहे ना?” ते सॉफ्टवेअर अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याचे आहे आणि फुकट मिळते. मोफत म्हटल्यावर सदस्यांचा चेहरा जरा पडला, असे ती सांगत होती.

आता ती आराखडा बदलून लिहिते आहे. वहीतले मूळ वाक्य पहिल्या ओळीत घातले आहे. रविवारच्या नोंदी, झाकलेले २०१८, नाल्याजवळ लहान चौकटी, आणि सर्वांत आधी हाताने केलेला हिशेब, हे सगळे आले आहे. वाहते पाणी मोजायला नाल्याच्या तोंडाशी व्ही आकाराची खाच पाडलेला पत्रा बसवायचा, असे ठरले. काटकोनी खाच असेल आणि पाणी टोकापासून १० सेंटीमीटर वर चढले असेल तर सेकंदाला चार-साडेचार लिटर जाते. २० सेंटीमीटर चढले तर २५ लिटरच्या आसपास. पट्टी लावून कुणीही वाचावे असे. तालुक्याच्या गावातला फॅब्रिकेशनवाला दोन दिवसांत पत्रा कापून देतो म्हणाला आहे.

अडचण वेगळीच आहे. पाऊस थांबला की ऑक्टोबरापासून नाल्याचे पाणी उतरू लागते, आणि मोजायचे ते हेच उतरणे. समितीची पुढची बैठक डिसेंबरात आहे. मंजुरीआधी क्षेत्रकाम करायला परवानगी नाही, असे तिला लेखी कळवले आहे. का, ते कळवलेले नाही. तोवर नाल्यात गुडघाभर पाणी राहिले तरी पुष्कळ. हा हंगाम हुकला तर पुढचा ऑक्टोबर, म्हणजे चारांतले एक वर्ष. मी नातीला म्हटले, पत्रा तर करून घे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघी गावाला जाणार आहोत, घर झाडायला म्हणून.